पाणी कधी सोडणार?

पालेगावात फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाला बिल्डरने आधी निसर्ग विकलेला असतो. माहितीपत्रकात मागे मलंगगडाची रांग, पुढे हिरवळ आणि मधोमध सायकल चालवणारं एक हसरं कुटुंब. आम्ही राहायला आलो तेव्हा मलंगगड जागेवर होता, हे मान्य केलं पाहिजे. पुढे त्याच्या आणि आमच्या गॅलरीच्या मध्ये आणखी टॉवर आले, आणि त्यांच्याही माहितीपत्रकात मलंगगड आहे. अंबरनाथ पूर्वेची ही बाजू आनंदनगर एमआयडीसीला खेटून, त्यामुळे आज वारा कुठून सुटलाय हे आम्ही डोळे मिटून सांगतो. अशा ठिकाणची माणसं वर्षातून एकदा तरी निसर्गाकडे धाव घेणारच.

आणि आमच्याकडे पाण्याला वेळ आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘पाणी कधी सोडणार?’ हा. त्याच्या खालोखाल ‘गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची?’ हा. पहिल्याचं उत्तर कोणालाच माहीत नसतं. दुसऱ्याचं सगळ्यांना माहीत असतं, पण कोणी देत नाही.

जानेवारीत सोसायटीची सहल निघाली. ज्येष्ठांचा कल नेहमीप्रमाणे गणपतीपुळ्याकडे होता. पण पाचव्या मजल्यावरच्या एका तरुणाने ग्रुपवर कोलाडच्या राफ्टिंगचा व्हिडिओ टाकला, आणि तासाभरात महिला मंडळाने त्यावर इतके अंगठे उमटवले की गणपतीपुळ्याची अनामत जप्त झाली. नदीच बघायची तर इतक्या लांब कशाला, बदलापूरला उल्हास आहे, कोंडेश्वरचा धबधबा आहे, असा एक काटकसरी मुद्दा तळमजल्यावरच्या काकांनी मांडला. त्यात दम नव्हता. कोंडेश्वरला पावसाळ्यात बहुतेक दर वर्षी बंदीचा आदेश निघतो, आणि बंदी उठते तेव्हा धबधबा गेलेला असतो.

ठरलं, कोलाड. टेम्पो ट्रॅव्हलर पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे करत निघाली. मुंबई-गोवा महामार्गाच्या या टप्प्याचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय, एवढं लिहिलं की कोकणातल्या वाचकाला पुढचं काही सांगावं लागत नाही. राफ्टिंगमध्ये जे धक्के बसणार होते त्यांची रंगीत तालीम वडखळच्या अलीकडेच झाली. या रस्त्यावर कोकण रेल्वेचाही फारसा विश्वास नसावा. तिने 1999 पासून कोलाडहून मालट्रकच गाडीवर चढवून गोव्याकडे न्यायला सुरुवात केली, आणि 2025 च्या गणपतीत मोटारींसाठीही तीच सोय काढली. म्हणजे आपण डब्यात बसायचं, आपल्या गाडीने आगगाडीवर बसायचं आणि रस्त्याने एकटं पडून राहायचं.

कोलाड म्हणजे आमच्या डोक्यात एक नाका होता. एसटी थांबते, वडापाव मिळतो, एक फाटा रोह्याला जातो, पाटबंधारे खात्याच्या पाट्या दिसतात, संपलं. रोह्याला तरी चिंतामणराव देशमुखांचं नाव चिकटलेलं, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा जन्म तिथला. कोलाडला चिकटायला काही नव्हतं. शेतीला डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे, त्यामुळे उन्हाळ्यातही भात. खाऊनपिऊन सुखी आणि बातमीत न येणारं गाव.

आता नाक्यावरून आत वळलं की पाट्यांचं रान लागतं. राफ्टिंग, कयाकिंग, झिपलाइन, रिव्हर क्रॉसिंग, टेंट, स्विस टेंट, लक्झरी टेंट. तंबूत लक्झरी कशी असते हे त्यात राहिल्यावर कळलं: संडास दुसऱ्या तंबूजवळ असतो. जिथे काही नाही तिथेही ‘घरगुती जेवण मिळेल’ आहेच, आणि त्याखाली ‘जैन फूड उपलब्ध’. एका गोठ्याच्या भिंतीवर साहसी खेळांची यादी रंगवली होती आणि तिच्याखाली म्हैस रवंथ करत बसली होती. एवढ्या पर्यटनाने जिच्या दिनक्रमात काडीचा फरक पडला नाही अशी मला तेवढीच भेटली.

आमच्या कॅम्पवर खरे बॅकपॅकर होते. मुंबई-पुण्याची पोरंपोरी. पाठीवर मानेच्याही वर जाणारी सॅक, तिला बाहेरून गुंडाळलेली चटई, बूट, स्टीलचा मग आणि कसली तरी शिट्टी. ही तयारी बघून वाटलं, मंडळी इथून चालत थेट सवाष्णी घाट चढणार. ती चार्जिंग पॉइंट असलेल्या तंबूत शिरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मोटारीने परत गेली. सॅकमधून काय निघालं? एक स्पीकर. आमच्या मंडळींचा संसार मात्र शबनम, नायलॉनच्या पिशव्या आणि एका वहिनींच्या लग्नातल्या व्हीआयपी बॅगेत होता, आणि त्यातून धपाटे, लसणाची चटणी, ओडोमॉस, चार चादरी, सुतळी, बॅटरी, आल्याच्या वड्या आणि पत्त्यांचे दोन कॅट निघाले. रात्री त्या पोरांना डास चावायला लागले तेव्हा साहसी पर्यटनाने मध्यमवर्गापुढे हात पसरला. वहिनींनी ओडोमॉस दिलं, पण ‘स्पीकर बंद करा, मग’ या अटीवर. पोरं चांगली होती. बंद केला. नंतर आल्याच्या वड्याही त्यांनीच संपवल्या.

नदी कुठे होती? नदी कॅम्पच्या पुढ्यातच होती, किंवा तिची जागा तरी होती. संध्याकाळी आम्ही उत्साहाने काठावर गेलो. मोठमोठे काळे धोंडे, मधून पोटरीभर पाणी, त्यात एक बगळा. व्हिडिओत ज्या लाटा होत्या त्यांच्या ठिकाणी तो बगळा उभा होता, आणि त्याचे पाय सुद्धा नीट भिजत नव्हते. तळमजल्यावरच्या काकांचा चेहरा खुलला. ‘याच्यात राफ्टिंग?’ ते म्हणाले. ‘याच्यात मी पॅन्ट वर करून पलीकडे जाऊन येतो.’

जेवण करणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या. त्यांना विचारलं, ‘मावशी, नदीला पाणी असतं ना?’

‘असतं की.’

‘रोज?’

‘सोडलं तर असतं.’

बसल्या जागी आम्हाला पालेगाव आठवलं. सेक्रेटरींच्या तोंडून प्रश्न आपोआप बाहेर पडला, ‘मग कधी सोडणार?’ मावशींनी तारेच्या चोथ्यानेच वरच्या डोंगराकडे बोट केलं. ‘ते वरच्यांना माहीत.’ हेही ओळखीचं होतं.

रात्री पोपटी होती, आणि या साऱ्या पॅकेजमध्ये पैसे वसूल झाले असं मी शपथेवर सांगेन ते तिथे. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर पोपटी लागते. ती मुळात शेतकऱ्यांची आपसातली मौज, विकायची वस्तू नव्हे. आता ती ‘पोपटी नाइट’ झाली आहे, पण करणारा हात गावचाच होता. म्हाताऱ्या बाबांनी मातीचं मडकं घेतलं, तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवला. त्यावर वालाच्या शेंगांचा थर, जाडं मीठ, चिमटीने ओवा, मग बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचं नाव नाही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं जमिनीवर उपडं केलं, भोवती काटक्या, गोवऱ्या, पेंढा रचला आणि काडी लावली. पोरांनी विचारलं, टायमर किती मिनिटांचा लावायचा? बाबांनी बोटं पाण्यात बुडवून तापलेल्या मडक्यावर शिंपडली. थेंब गपकन बसला. ‘अजून नाय.’ थोड्या वेळाने पुन्हा शिंपडलं. या वेळी चर्रकन आवाज होऊन थेंब उडाला. ‘झाली.’ पाला काढला आणि जो वास सुटला त्याने शाकाहारी म्हणून नाव नोंदवलेले आमच्यातले दोघेजण नदीकाठी फिरायला निघून गेले. लवकर परत आले. अंड्याचं काय ते बघू म्हणाले.

शेंग दातांनी ओढायची, दाणा तोंडात राहतो, साल शेकोटीत. भांबुर्ड्याचा उग्र कडवट वास शेंगेत उतरलेला असतो. हे खाताना कोणी फोटो काढत नव्हतं, कारण दोन्ही हात काळे होते.

सकाळी सहाला उठवलं. नाश्ता ‘अनलिमिटेड’ होता, म्हणजे पोहे कितीही घ्या, शेंगदाणे मोजून. मग लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि जीपने साजे गावापाशी. इथून साधारण बारा किलोमीटर नदीने खाली यायचं. चौदा वर्षांखालच्यांना घेत नाहीत; वरच्या वयाला आमच्या वेळी कोणी हटकलं नाही, ही त्या धंद्याची उदारता. तिथे काठावर तराफे हारीने लावलेले, शेकडो माणसं नारिंगी जॅकेटं घालून धोंड्यांवर बसलेली आणि समोर तोच बगळा, किंवा त्याचा भाऊ. सगळ्यांचं लक्ष वरच्या वळणाकडे. मधूनच कोणीतरी ‘आलं, आलं!’ ओरडायचं आणि पाचपन्नास माणसं उठून उभी राहायची. आलेलं नसायचं. टँकरची वाट बघणारी माणसं इतक्या रंगीत कपड्यांत मी पहिल्यांदाच पाहिली.

आमचा गाईड जवळच्याच गावचा, पंचविशीतला. आमच्याशी हिंदीत बोलत होता. आम्ही मराठीत उत्तरं देत होतो. शेवटी तो म्हणाला, ‘मराठी आहात होय? मग आधी सांगायचं ना!’ आणि पुढच्या सगळ्या सूचना हिंदीतच दिल्या. पण पाण्याचं गणित त्यानेच समजावलं, तेवढं मराठीत.

घाटावर मुळशीचं धरण आहे, मुळा नदीवर. हे पाणी सरळमार्गाने गेलं असतं तर पुणं बघून, भीमेला मिळून, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात पोचलं असतं. टाटांनी त्याला मध्येच अडवून पश्चिमेकडे वळवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून, सुमारे पाचशे मीटर खाली, नळांतून भिऱ्याच्या वीजघरात आणून सोडलं. खोपोली 1915, भिवपुरी 1922 आणि भिरा 1927, अशी ही तीन भावंडं. भिऱ्याला जनित्रं फिरवून झाली की पाणी कोलाडच्या या कुंडलिका नदीत येतं, पुढे त्यावर सरकारनेही वीज काढली आहे, मग आम्ही, मग बंधारा, आणि मग कालवे. म्हणजे पुण्याला निघालेल्या पाण्याने भर प्रवासात बदली मागून घेतली आणि कोकणात रेवदंड्याच्या खाडीवर निवृत्त झालं. म्हणून ऋषिकेशला पावसाळ्यात राफ्टिंग बंद होतं, पण कोलाड बाराही महिने चालतं. तिकडे दांडेलीच्या काळी नदीचंही असंच, सुपा धरणातून सुटेल तसं. आपल्या बाजूच्या नद्या चाकरमान्या आहेत. ड्युटी लागल्याशिवाय निघत नाहीत.

आणि ड्युटी कधी लागते? जलविद्युतचा गुण असा की चाक मिनिटांत सुरू होतं, तेव्हा ज्या वेळी विजेची ओढ जास्त त्या वेळी ते फिरवतात. जानेवारीच्या पहाटे दादर-परळला गिझर लागले की भिऱ्याचं चाक फिरणार, आणि त्या चाकाखालून निघालेलं पाणी कोलाडला दादर-परळच्याच माणसाचा तराफा उचलणार. हिशोब इतका सरळ नाही, मध्ये तलाव आहे, सरकारी वीजघर आहे. पण गोळाबेरीज हीच. मुंबईकर स्वतःच घरी गरम पाण्याने अंघोळ करतो म्हणून मुंबईकराला इथे थंड पाण्याने करता येते. आमचा यात काहीच वाटा नाही, आम्ही महावितरणचे. आमच्याकडे वीज गेली तरी कोलाडच्या नदीला पत्ता लागत नाही.

नऊनंतर कधीतरी आलं. लोंढा वगैरे नाही. आधी धोंड्यांमधली डबकी एकमेकांना भेटली. मग बगळा उडाला. मग ज्या दगडावर आमचे काका बसले होते तो दगड गुपचूप बेट झाला आणि काका त्यावर पॅन्ट वर न करता उभे राहिले. अर्ध्या तासात नदी नदीसारखी दिसायला लागली.

एका तराफ्यात आठजण. ‘फॉरवर्ड’ म्हटलं की पुढे वल्हवायचं, ‘बॅक’ म्हटलं की उलटं, ‘डाऊन’ म्हटलं की आत बसकण मारायची. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आजवर जे झालं नव्हतं ते इथे होणार होतं: आठ सभासदांनी एकाच वेळी एकाच दिशेने जोर लावायचा. सात जणांनी लावला. सेक्रेटरी ‘फॉरवर्ड’लाही उलटंच मारत होते, बरीच वर्षं पदावर असल्यामुळे ते त्यांच्या अंगात मुरलं आहे. पहिल्या खळाळांना ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘मॉर्निंग हेडेक’ अशी नावं आहेत. शेकडो वर्षं ही नदी इथे आहे, काठच्या लोकांनी तिच्या प्रत्येक डोहाला, कोंडीला, उताराला काही ना काही म्हटलं असेलच. गाईडला विचारलं, तर म्हणाला, ‘आमचे आजोबा सांगायचे काहीतरी. कंपनीत हीच चालतात.’ मी पुढचं विचारणार तेवढ्यात ‘हेडेक’ आला आणि संभाषण नाकातोंडातून आत गेलं.

मजा आली का? आली. अगदी खोटं कशाला बोलू. ज्या वहिनी लोकलमध्ये बदलापूरकरांच्या गर्दीत रोज उभ्याने जातात त्यांना नदीच्या धक्क्यांचं काहीच वाटलं नाही. त्या हसत होत्या आणि आम्हाला सरकून बसायला सांगत होत्या. शांत पट्टा आला की लाइफ जॅकेटवर पाण्यात तरंगायला सोडतात. वर सह्याद्रीची भिंत, दोन्ही काठांना झाडी, अंगाखाली वाहतं पाणी. काका तरंगत असताना म्हणाले, ‘हे सगळं पाणी एकदा आपल्या टाकीत...’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

गंमत म्हणजे ते आपल्याच टाकीत येतं. हे नसेल, पण त्याचं भावंड. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कर्जतकडे उल्हास नदीत उतरतं, म्हणून तर उल्हास उन्हाळ्यातही वाहते. आणि बदलापूरच्या बॅरेजपाशी ते उचलून अंबरनाथ-बदलापूरकडे येतं. तेव्हा आमच्या ग्रुपवरच्या ‘पाणी कधी सोडणार?’ या प्रश्नाची सुरुवातही घाटावरच्या एखाद्या चाकापाशीच होते. मी हे परतीच्या वाटेवर गाडीत सांगितलं. पाचव्या मजल्यावरच्या तरुणाने लगेच विचारलं, मग उल्हासमध्ये राफ्टिंग का नाही? 27 जुलै 2019 ला ते झालं होतं, मी म्हटलं. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अख्खी उतरली होती पाण्यात, हजारावर प्रवासी घेऊन. सगळे सुखरूप निघाले. तिकिटात काहीही वाढ न करता.

कोलाडला पैसा आला हे चांगलं झालं. ज्या पोराला रोहा-धाटावच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे उभं राहावं लागलं असतं तो आज नदीवर उभा आहे आणि त्याला शिट्टी मारली की शंभर माणसं ऐकतात. मावशींच्या भाकऱ्यांना गिऱ्हाईक आहे. तक्रार करायचीच तर ती स्पीकरची, धोंड्यांच्या फटीत अडकलेल्या वेफर्सच्या पाकिटांची आणि एका जागी इतक्या तंबूंनी केलेल्या दाटीची. तीही पर्यटकांचीच करायची. गावाने जमिनी भाड्याने दिल्या आहेत, अक्कल आपण घरून आणायची होती.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. मुळशीचं धरण बांधलं जात होतं तेव्हा मुळशी पेट्यातल्या मावळ्यांची शेतं, घरं, देवळं त्याच्या पोटात गेली. 1921 ते 1924 अशी वर्षं ते त्यासाठी भांडले. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यात उतरले आणि तिथूनच ‘सेनापती’ झाले. सत्याग्रही हरले, पाणी चढलं, वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. गिरण्याही आता नाहीत. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतली माणसं शनिवारी कोलाडला येतात. साज्यापासून खाली उतरेपर्यंत यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं दिसलं नाही. पाट्या मात्र पावलोपावली आहेत, आणि जैन फूडची माहिती चार ठिकाणी मिळते.

तेव्हा राफ्टिंगच्या धंद्यातल्या मंडळींना विनंती: सुरुवातीला सूचना देता ना, पडलात तर पाय वर करा, वल्हं सोडू नका, त्यातच दोन मिनिटं हे पाणी कुठून येतं आणि कोणाच्या शेतावरून येतं तेही सांगा. मुळशीचं नाव घ्या, सेनापती बापटांचं घ्या, आणि आजोबा त्या खळाळाला काय म्हणायचे ते विचारून ठेवा. लोक ऐकतील. पाणी अजून सुटलेलं नसतं, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असतो, आणि अशा वेळी माणूस काहीही ऐकून घेतो.